सोळा क्लिपा, आणि भावोजींचं सोल्डरिंग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, वॉशिंग मशीनच्या कारखान्यातून निवृत्त झालेली वायरिंग कामगार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, स्मरणशक्ती तर नातेवाइकांना नकोशी होईल इतकी चांगली आहे, आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मी संतापलेली आहे. पण संताप म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे दीर ज्यात व्यवस्थापक होते, ते आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सर्व, आणि बँकेतली ठेव, माझ्या मुलीला. तिच्या हातांतली ताकद वर्षागणिक कमी होते आहे. डोकं मात्र या घरात तिचंच सगळ्यात ठिकाणावर आहे. "तिला कुठेतरी चांगल्या ठिकाणी ठेवू" असे जो म्हणेल, त्याने आधी स्वतः तिथे महिनाभर राहून दाखवावे.

कलम २. मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि माझ्याकडची चिकटपट्टीची सर्व रिळे. त्याचं कामच तसलं. दोन वायरी पिळायच्या, वर टेप गुंडाळायची, "झालं गं आई!" म्हणायचं आणि गाडीला किल्ली मारायची. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटला की बहिणीची व्हिडिओ-खेळाची पेटी बंद, आणि साहेबांचा फोनही बंद.

कलम ३. खेळाची पेटी मुलीला. ती मी जुन्या कपाटाच्या फळ्यांतून बनवली, कारण विकतच्या यंत्रांवर तिचा हात पुरत नाही. वर स्क्रीन, पुढे एक दांडी, आठ बटणे. बटणांच्या फळीला मी मुद्दाम चाळणीसारखी भोके पाडली आहेत. हात आखडला की बटण एक भोक जवळ घ्यायचे. म्हणून प्रत्येक बटणाला दोन वायरी, आणि वायरीच्या टोकाला पकडीने दाबून बसवलेली पितळी क्लिप. ओढली की निघते, खुपसली की बसते. एकतीस वर्षे मी हेच केले. तांब्याचा एक तंतू बाहेर दिसता कामा नये. ओढून बघायचं, जरा हलली तर कापून पुन्हा. कारखान्यात माझी क्लिप कधी परत आली नाही. ती पक्कडही मुलीला.

कलम ४. माझे दीर. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू वितळवून चिकटवायची असते अशी त्यांची समजूत. "वहिनी, क्लिपा लावताय की कपडे वाळत घालताय? सोल्डर मारा, जन्माचं काम होईल." मी म्हणायचे, "भावोजी, जन्माचं काम जागचं न हलणाऱ्या वस्तूला. हिचा हात हलतोय ना मागे!" हा वाद नऊ वर्षे चालला.

मागच्या नोव्हेंबरात मी अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी येऊन पेटीची पाठीमागची फळी उघडते, तर सोळाच्या सोळा क्लिपा कापलेल्या! वायरी आखूड करून थेट बटणांना चिकटवलेल्या. दोन बटणांची पाठ तर उष्णतेने वितळलेली. आता एक बटण तसूभर हलेल तर शपथ. जाब विचारला, तर "पक्कं केलं, वहिनी," एवढं बोलून भावोजींनी चपला घातल्या. चार महिने मी त्यांच्याशी बोललेले नाही. माझ्या हत्यारांतला एक स्क्रूसुद्धा त्यांना मिळू नये, आणि माझ्या मुलीच्या कुठल्याही कामात त्यांनी नाक खुपसू नये. अंत्यविधीला यायचंच असेल तर मागे उभं राहावं.

कलम ५. हे कलम आजच वाढवले आहे. चुका तपासायला शेजारचे टायपिंग मास्तर वरचे सगळे मोठ्याने वाचत होते. कलम चार संपलं आणि आतल्या खोलीतून मुलीने हाक मारली.

"काकांना पक्कं करायला मीच सांगितलं होतं. तुला सांगू नका, असंही मीच म्हटलं."

"अगं पण का? उद्या हात पुरला नाही तर?"

"तर ते बटण नाही दाबणार. खेळताना हात किती गेला ते मला कळत नाही, आई. तू बटण जवळ घेतेस आणि भोकापाशी पेन्सिलीने तारीख लिहितेस, तेव्हा कळतं. मला मोजू नकोस."

मास्तर चष्मा पुसत बसले. मी चिडले. अजून चिडलेलीच आहे: तिच्यावर, चार महिने अबोला सोसून तोंड न उघडणाऱ्या भावोजींवर, आणि नऊ वर्षे तारखा लिहिणाऱ्या बाईवर तर फारच. मला वाटायचं, मी तिची सोय करते आहे.

सबब कलम चार मी खोडले आहे. वाचता येईल असेच खोडले आहे, कारण बोलले ते बोलले. दोन बटणे वितळली हा ठपका मात्र कायम. काम भिकार ते भिकारच. व्यवस्थापक कोणी नाही. मुलगी सज्ञान आहे, तिचं ती बघेल, आणि हवं तर काकांना बोलावेल.

पेटीची मागची फळी तिने सांगितल्याशिवाय कोणीही उघडायची नाही. बटणे आहेत तिथेच राहतील, हात पुरो न पुरो. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे कलम आजपासून, आणि सर्वांत आधी मला लागू.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही:
१. शेजारचे टायपिंग मास्तर (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च