समजूत घालणारा फौजदार

४ जून
नातू फौजदार होऊन आपल्याच भागातल्या ठाण्यात आला! जिना उतरता उतरता चार जणांना सांगितलं. पाचवी दूधवाली, तिला दोनदा. गुडघे दुखतात हे आज आठवलंसुद्धा नाही.

७ जून
खालची शिवणवाली अभ्रे घेऊन आली. अर्धेच! "आजी, कात्रीच धरवत नाही." अंगठा टम्म सुजलेला. नवऱ्याने पिरगाळला. म्हटलं, रडतेस कशाला, माझा नातू आहे की तिथे! जा, लिहून दे. मोठ्या ऐटीत पाठवलं तिला.

९ जून
तक्रार लिहिलीच नाही मेल्याने! नवऱ्याला बोलावलं, दोघांना चहा पाजला, "भांड्याला भांडं लागायचंच" म्हणून घरी धाडलं. नवरा शीळ घालत जिना चढला. त्या शिळेने माझं डोकंच फिरलं.

जेवताना धरला नातवाला. म्हणे, "सगळंच लिहीत बसलो तर गुन्ह्यांचे आकडे वाढतात, साहेब ओरडतात. कुठे लिहायचं, कुठे समजवायचं, ते आम्ही बघतो."
मग नाक्यावरच्या डॉक्टरांची सायकल चोरीला गेली, ती बरी लगेच लिहिलीस?
"अगं, ते डॉक्टर आहेत!"
वा रे वा! सायकलीची किंमत आहे, बाईच्या अंगठ्याची नाही! लेक खाली मान घालून जेवत होता. सूनबाई वाढत होती.

१३ जून
परत मारलं तिला. आता मनगट. "तुमच्या नातवाकडे गेले म्हणूनच मारलं, आजी."
मीच पाठवलं होतं.

१४ जून
नातवाला फैलावर घेतलं. लाज नाही वाटत, वर्दी कशाला घातलीस, सगळं बोलले. तो बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, "बाबा आईवर हात उचलायचे. अजूनही उचलतात. तू काय म्हणायचीस? 'सूनबाई, समजुतीने घे, घरातलं घरात राहू दे.' मी दाराआड उभा असायचो. तेच सांगतो लोकांना."
खरंच म्हणायचे मी. वर तिच्या पाठीवरून हातही फिरवायचे! आज राग राग झाला, आणि तो काढायला दुसरं कुणी सापडेना.

१५ जून
शिवणवालीला घेऊन ठाण्यात गेले. सूनबाई म्हणाली, मीही येते. बाकड्यावर ठाण मांडलं: लिहिल्याशिवाय उठत नाही! नातवाने लिहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली.
उठणार, तोच सूनबाई म्हणाली, "थांबा आई. माझीही लिहायची आहे."
नातू पांढराफटक. "बापाचं मी कसं लिहू?" म्हणाला, आणि कोरा कागद शेजारच्या फौजदारापुढे सरकवला.
त्याही कागदावर साक्षीदार मीच.