चार सुरांवाला

जानेफळ, ता. मेहकर
२ ऑगस्ट २०१८

चि. मनालीस,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि मला फोनवर बोलताही येत नाही, म्हणून लिहितो. १६ सप्टेंबरला आपल्या प्रसेनजितला जाऊन वर्ष होईल. विहारात पुण्यानुमोदन ठेवलं आहे. आईचं म्हणणं आहे की तू येऊ नये. ती म्हणते, मनालीनंच पुण्याहून मोबाइल धाडला, कानातली वायर धाडली, त्या वायरीपायी माह्या पोरानं भावाची हाक आयकली नाही. मी तिला समजावलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

तू मागितलेली यादी त्याच्या वहीत सापडली. तुम्ही दोघं ज्या संगीतकाराला चार सुरांवाला म्हणायचात, त्याचीच. वर लिहिलं आहे, 'आपला चार सुरांवाला, सिनेमाचं संगीत, आवडते पाच'. यातला एकही सिनेमा पाहिला नाही असंही त्याने खाली लिहिलं आहे, ते मला माहीत नव्हतं. शेवटून उतरवतो. पाचवा बुद्धिबळाचा, 'फार घाई करतो, त्याला शोभत नाही'. चौथा वाळवंटाचा. तिसरा आंधळ्या सुताराचा, 'फवारताना बरा'. दुसरा दीपगृहाचा, 'मनाली याला पहिला म्हणते, कारण तिला रडायला आवडते'. पहिला बर्फातल्या आगगाडीचा, 'काही घडत नाही, पण आता घडेल असं वाटत राहते'.

तुझी कोकिळावहिनी बरी आहे. कपाशी छातीला लागली. बीटी म्हणून बियाणं घेतलं तरी अळी आहेच, म्हणून फवारणी चालू आहे.

राग धरलास तरी लोभ तोडू नये.
तुझा,
सहदेवदादा


पुणे
९ ऑगस्ट २०१८

ती. सहदेवदादास,
सविनय जयभीम. वि. वि.

यादी पोचली. दवाखान्यात डबा खाताना वाचली आणि रडण्याच्या टोमण्यावर मोठ्याने हसले. लॅबमधल्या बाया बघायला लागल्या. तो गेला त्याच्या आधीच्या दिवाळीला त्याला पहिल्यांदा आगगाडी ऐकवली तेव्हा तो म्हणाला होता की मनाले, हे गाणं सुरू कधी होते, हे तं नुसतं सुरूच होऊन राह्यलं. पुढे मलाच शिकवायला लागला की घाई करू नको, तोच सूर दहाव्या वेळी वेगळा लागतो.

आई नको म्हणते तर मी येणार नाही. पण एक सांग. त्या दिवशी पाचांतलं कोणतं लागलं होतं? शेवटी काय वाजलं ते फोनमध्ये दिसतं. वर्षभर मी एकेक लावते आणि दोन मिनिटांत बंद करते. कोणतं ते कळलं तर उरलेली चार तरी मला ऐकता येतील.

वहिनीला जयभीम. आईची गुडघ्याची गोळी चुकू देऊ नये. माझ्यावर माया असू द्यावी.
तुझी,
मनाली


जानेफळ
२० ऑगस्ट २०१८

चि. मनालीस,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. त्याचा फोन घेऊन मी वावरात गेलो. वायर कानात घालून कपाशीत उभा राहिलो आणि कोकिळेला वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून हाक मारायला सांगितली. ती म्हणाली की मले काऊन येडी करता, लोक पाहून राह्यले. पाचही लावून पाहिली. बुद्धिबळात हाक येत नाही. सुताराच्या संगीतात अर्धी येते. आगगाडीच्या संगीतात दोन सुरांमधे एवढी मोकळी जागा आहे की कोकिळेचं खाकरणंही ऐकू आलं.

तुला बुद्धिबळाचं नाव लिहून सुटावं असं वाटलं होतं. तसं एक पत्र लिहिलंही. ते फाडलं.

आपली रीत तुला माहीत आहे. उंच कपाशीत फवारणारा दिसत नाही, म्हणून टाकीपाशी जो असतो त्याने घडीघडी हाक द्यायची आणि आतल्याने हो म्हणायचं. प्रसेनजित गेला त्याच्या आदल्या दिवशी तो दोनदा हो म्हणाला नाही. मी मजुरांसमोर म्हणालो की याले आवाज देऊ नका बे, साहेब सिनेमात बसले. सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी मी हाक दिलीच नाही. पंप भरायला तो अर्ध्या तासात यायला हवा होता. आला नाही, तरी उठलो नाही. म्हटलं, बसला असेल ऐकत. दीड तास मी टाकीपाशी बसून होतो. जाऊन पाहिलं तेव्हा तो उताणा पडला होता, तोंडाला फेस होता. औषध अंगात भिनलं होतं. मेहकरच्या वाटेतच गेला.

त्याच्या कानात काही नव्हतं. गाडीत घालताना शेजारच्या रामरावांनी विचारलं की तुम्ही जवळ असून तुमाले कसं कळलं नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की कानात वायर होती. संध्याकाळी घरी आलो तर फोन चार्जिंगला लावलेला होता.

त्या दिवशी कोणतंच लागलं नव्हतं. तू पाचही ऐक.

काय मागावं ते सुचत नाही.
सहदेव


पुणे
२६ ऑगस्ट २०१८

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र सोबत परत पाठवते, ते आईला वाचून दाखव. सगळं, तुझ्या तोंडाने. तिने ये म्हटलं तर मी त्याच दिवशी निघेन.

मनाली


जानेफळ
१ सप्टेंबर २०१८

चि. मनालीस,
सप्रेम जयभीम व अ. आ.

काल दुपारी वाचून दाखवलं. आई डाळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाली की मले माहीत हाये. फोन मीच चार्जिंगले लावला होता. तोच देऊन गेला, म्हणे दादा चिडते, आज घरीच राहू दे.

मी विचारलं की मग वर्षभर मनालीला का बोललीस. ती म्हणाली की पोरगी दूर हाये, तिचं ती कमावते, मी बोलली म्हणून तिचं जेवण तुटत नाही. तुले बोलली असती तर मी कोणाच्या चुलीवर खाल्लं असतं?

मी म्हणालो की विहारात सगळ्यांसमोर सांगतो. त्यावर ती म्हणाली की चूप राह्य, एक गेला, तुले गावात राहाचं हाये. आन् तिले येऊ नको म्हणून लिव, ती समोर बसली तर लोकांदेखत खरं माह्या तोंडातून निंघून जाईन.

मग तिने मला वाढलं. मी जेवलो.

तरी १६ तारखेला येऊ नये, असं आईच्या सांगण्यावरून कळवतो. विहारात मी काही बोलेन असं मला वाटत नाही. लोभ मागायला तोंड नाही. जमल्यास पत्र टाकत जावं.

सहदेव