कोनाड्यात काय ठेवू?

नाबेल,
५ मार्च १९८४

ती. तुर्किया आत्यास,
मन्नूबियाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आणि खजुराचा डबा दोन्ही पोचलं. डबा मामीने कपाटावर ठेवलाय. तिथे तिचा हात पोचतो, माझा नाही. बाकी सगळं बरं आहे.

आता माझी बातमी ऐक. कारखान्याच्या मालकांनी, सी तैयबनी, मला अंगणातून आत घेतलं! वर्षभर माती तुडवली, भांडी पुसली, आता मी रंगाच्या खोलीत. पण बसायला जागा नाही, उभ्यानेच ताटांच्या काठावर निळी रेघ मारते. मे महिन्यात ते मला एक मोठं ताट देणार. समोर नमुना नाही, कुणाची मदत नाही. जमलं तर खोलीतलं चौथं स्टूल माझं. नाही जमलं तर जेर्ब्याला परत, दादाची पोरं सांभाळायला. बाबांनी मामाला तसं कळवलंय, तुला माहीतच असेल. मला परत यायचं नाही आत्या. तुझ्याकडे यायला आवडेल गं, पण पोरांसाठी नको.

इथे एक गंमत आहे. खोलीत सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसतात. प्रत्येकीच्या समोर भिंतीत एक कोनाडा, आणि त्यात तिचं तिचं काहीतरी. सी तैयब म्हणतात की हात अडला की माणसाला बघायला काहीतरी लागतं, माझ्या तोंडाकडे बघू नका, तिथे काही नाही. चौथा कोनाडा रिकामाच आहे. येता-जाता मला विचारतात, काय गं मुके, काय ठेवणार? मी मान हलवते. आता मान हलवून त्यांना काय कळणार!

शलबिया खाला सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांच्या कोनाड्यात एक फुटकी वाटी. हलूमाच्या कोनाड्यात सुकलेल्या माशाचं शेपूट. नेजिबाने रेडिओवर गाणाऱ्या एका बाईचा फोटो मासिकातून कापून लावलाय. असलं का ठेवलं असेल गं? मला सारखं वाटतं विचारावं. पण तोंड उघडायला गेलं की घसाच बंद. शाळेत पण असंच व्हायचं. उत्तर यायचं, पण बाहेर पडायचं नाही. मग शाळाच सुटली.

मी काय ठेवू? तुझं काहीतरी पाठव ना.

मामी हाक मारतेय. माया आहे तेवढी राहू दे, आणि पुढच्या वेळचे खजूर माझ्या नावाने वेगळे बांध.

तुझी
मन्नू


जेर्बा,
१७ मार्च

चि. मन्नूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र प्रौढ वर्गाच्या मास्तरांना दाखवलेलं नाही. दाखवलं की ते लाल शाई लावतात. तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे.

पोरी, तू माझी झोप उडवलीस. माशाचं शेपूट? मांजर येत नाही का तिथे? वास नाही येत? आणि फुटकी वाटी कशाला, घरात ठेवली तरी लोक अपशकुन म्हणतात. तू गप्प बसलीस तर हे मला कोण सांगणार? स्वतःसाठी विचारायची लाज वाटत असेल तर सांग की जेर्ब्याची आत्या विचारतेय. नाव माझं, तोंड तुझं. माझी अब्रू गेली तरी चालेल, ती तशीही फार उरली नाही.

सोबत घोंगडीच्या काठाची वीतभर पट्टी पाठवतेय. उंटाच्या पावलांची नक्षी आहे, माझ्या मागावर आजवर इतकी सरळ दुसरी उतरली नाही. ठेव कोनाड्यात.

तुझ्या बाबांचं मी बघते. माझा धाकटा भाऊ आहे, माझ्यापुढे अजून खाली बघूनच बोलतो. पण घरी गेला की सुनेचं ऐकतो. मे महिन्यापर्यंत थोपवीन, पुढचं माझ्या हातात नाही.

नीट जेव. लोभ आहेच, तो काय टपालाने कमी होतो?

तुझी
आत्या


नाबेल,
६ एप्रिल

ती. आत्यास,
मन्नूचा सलाम. वि. वि.

पट्टी मिळाली. कोनाड्यात लावली, आणि त्याच दिवशी माझी फजिती झाली.

एक वाया गेलेलं ताट सी तैयबनी सरावाला दिलं होतं. मी पट्टीकडे बघून काठावर उंटाची पावलं काढत सुटले. एकामागे एक, अगदी तुझ्यासारखी. फिरत फिरत सुरुवातीपाशी आले तर जागा उरली फक्त अर्ध्या पावलाची! पुसायची सोय नाही, ताटावरचा पांढरा लेप रंग लगेच पिऊन टाकतो. हलूमा ओरडली की बघा बघा, उंट लंगडा झाला. सी तैयब आले, ताट फिरवून बघितलं आणि म्हणाले की घोंगडीला एक सुरुवात असते आणि एक शेवट असतो, ताटाला कुठे असतो? घोंगडी पांघर, माझ्या ताटावर नको. आत्या, माझे कान इतके तापले की त्यावर भाकरी भाजली असती.

सगळ्या हसत होत्या, तेवढ्यात मी विचारून टाकलं. तुझं नाव घेतलं. म्हटलं, जेर्ब्याची आत्या विचारतेय की कोनाड्यात हे सगळं का ठेवलंय. मुकी बोलली!

मग काय, तिघी एकदमच सांगायला लागल्या. हलूमाचा नवरा कोळी. सकाळी तिची बोटं आखडलेली असतात, मग ती शेपटाचा वळसा डोळ्यांनी दोनदा फिरवते, हात सुटतो. मांजर आलं होतं एकदा. तिने चप्पल फेकली ती रंगाच्या बादलीत पडली, मांजर शेपटाचा तुकडा घेऊन गेलं. नेजिबाला ती गाणारी बाई आवडत पण नाही! फोटोच्या मागे भोक आहे, त्यातून विंचू निघाला होता. आता फोटो काढायची भीती वाटते. पण बघून बघून तिला गुणगुणायची सवय लागली, आणि एका कडव्यात पाव ताट होतं. म्हणून तिची नक्षी कधी चुकत नाही.

आणि शलबिया खालांची वाटी त्यांच्या सासूची. सासू म्हणायची, तुझ्या हातून एक वस्तू धड व्हायची नाही. खाला रोज कामाला बसताना वाटीकडे बघतात आणि म्हणतात, बघ म्हातारे. म्हातारी जाऊन चाळीस वर्षं झाली, अजून तिला दाखवतायत!

मी विचारलं की खाला, तुमची नक्षी शेवटी जुळते कशी? त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या की कुठे जुळते? जागा उरली की मी तिथे पक्षी काढते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या तसंच करतात म्हणे. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय पक्षी आहे.

तुझी पट्टी काढून टाकू का? राग मानू नकोस. ती छान आहे, पण अडल्यावर तिच्याकडे बघितलं की ती मला काहीच सांगत नाही. नुसती तुझी आठवण येते, आणि मग डोळ्यांत पाणी येऊन रेघ दिसत नाही.

मायेत अंतर देऊ नकोस.

तुझी
मन्नू


जेर्बा,
१५ एप्रिल

चि. मन्नूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्नातली नाबेलची दोन ताटं मी भिंतीवरून उतरवली. एकावर पक्षी सापडला! काठाला, दोन फुलांच्या मध्ये अंग चोरून बसलाय. तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तो बरकतीचा पक्षी आहे, दोन्ही सुनांना त्याला हात लावायला लावून आत घेतलं. आता सांगू कुणाला? दुसऱ्यावर काहीच नाही. ती बाई पक्की असणार, नाहीतर गाणारी.

पट्टी काढ, मला राग नाही. उशाला घे.

आता वाईट बातमी. तुझा दादा मेच्या दहा तारखेला नाबेलला येतोय. स्टूल मिळालं नसेल तर तुला घेऊनच यायचं, असं बाबांनी त्याला बजावलंय. मी भांडले. मग रडून पण बघितलं, पण या वयात ते पटत नाही कुणाला. तेव्हा तो कोनाडा भर बाई. काहीही ठेव, दगड ठेव, पण सी तैयबला म्हणायला जागा ठेवू नकोस.

काळजीत आहे, म्हणून इथेच थांबते. आशीर्वाद रोजचेच आहेत, आज दुप्पट धर.

तुझी
आत्या


नाबेल,
९ मे

ती. आत्यास,
मन्नूचा सलाम. वि. वि.

आधी सांगते, मग बाकीचं लिहिते. स्टूल मिळालं.

ताट मागच्या आठवड्यात रंगवलं. कोनाडा रिकामाच होता. अर्ध्यात आले आणि हात अडला. वर बघितलं तर नुसती भिंत. दगड तरी ठेवायला हवा होता असं वाटलं. आणि मग मी काय केलं ठाऊक आहे? मान वळवली. शलबिया खाला पलीकडे काम करत होत्या. त्यांचं कोपर वर गेलं की रेघ बारीक येते, खाली आलं की जाड. हे मला आधीच माहीत होतं! वर्षभर दारात उभी राहून बघतच होते की. हलूमा रेघ संपेपर्यंत श्वास सोडत नाही. नेजिबाचा पाय चालतो. मी कोपर उचललं आणि रेघ आली.

शेवटी जागा उरलीच, बोटभर. पक्षी काढणार होते. पण तो खालांचा, माझा नाही. मग एक वाकडी हिरवी रेघ मारली आणि ताट दिलं. हिरवा रंग भट्टीत जायच्या आधी राखेसारखा दिसतो, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काल भट्टी उघडली. सी तैयब ताट मांडीवर घेऊन बसले, अंगठा काठावरून फिरवत. सांधा शोधत होते. अंगठा तिथेच थांबला. विचारलं, हे काय, काठी? उंटाची मान? किटलीचा कान? सगळ्या जमल्या. मी म्हटलं की कोपर. ते म्हणाले की कुणाचं कोपर? मी म्हटलं की शलबिया खालांचं.

आत्या, हलूमा तर जमिनीवरच बसली हसून हसून. खालांनी बाही सारली, कोपर ताटाशेजारी धरलं आणि तपासून म्हणाल्या की माझं एवढं टोकदार नाही, पण हाड बरोबर आहे.

सी तैयब हसले नाहीत. म्हणाले की बरं, स्टूल घे. पण कोनाड्यात काय ठेवणार ते आत्ताच्या आत्ता सांग. मी म्हटलं की काही नाही. म्हटलं, मला भिंत नको, माझं स्टूल उलटं ठेवा, मला ह्यांच्याकडे बघत बसायचंय. एवढं लांब मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते म्हणाले की वेडी आहेस का, उजेड डोळ्यांवर येईल. मी म्हटलं की येऊ दे. नेजिबा म्हणाली की म्हणजे ही दिवसभर आमच्यावर नजर ठेवणार, आम्ही खाजवायचं तरी कधी? सी तैयबनी स्वतः स्टूल उचललं, फिरवून ठेवलं आणि निघून गेले.

आज पहिला दिवस. माझ्या कोनाड्यात हलूमाने चहाचे ग्लास ठेवलेत. उजेड डोळ्यांवर येतो खरा, म्हणून मी मामाची गवती टोपी घालून बसलेय. सकाळपासून तिघीही पाठ ताठ करून काम करतायत. मधेच एकेक मागे वळून बघते, मी बघतेय की नाही. मी बघतेच.

दादा उद्या येईल. त्याला खोलीत बोलावणार आहे, खाला म्हणतात की तो नक्की कसा उभा राहतो ते बघून घे, पुढच्या ताटावर जागा उरली तर कामी येईल. बाबांना सलाम सांग. तुझा लोभ होता म्हणून तोंड उघडलं, आता ते मिटलं नाही तर तूच निस्तर.

तुझी
मन्नूबिया