माणसं हसत घरी पाठवण्याचा धंदा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी नाकारल्यामुळे आठांतली दोन अंगं जमिनीला टेकलेली नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.) तुमची साखर, मामींची कंबर आणि तुमच्या कारखान्यातलं ते खोकी कापायचं कुरकुरणारं मशीन, तिघांचीही तब्येत बरी असेल अशी आशा आहे. पत्र शक्यतो बसून वाचा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि मी हल्ली बोलण्याचेच पैसे घेतो.

मी नोकरी सोडून सल्लागार झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, अरे, लोक फुकटचा सल्ला ऐकत नाहीत, तुझा विकत कोण घेणार? खोटं कशाला सांगू, सुरुवातीला गिऱ्हाईक एकच होतं, तुमची भाचेसून. एके सकाळी तिनं विचारलं, "सल्लागारसाहेब, आज भाजी कोणती करू?" मी सवयीनं म्हणालो, आधी सगळ्यांची मतं घेऊ, मग पर्याय काढू, मग एक बैठक लावू. ती विळी बाजूला ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "इतकी वर्षं ऑफिसात तुम्ही हेच करत होता? आणि त्यांनी ठेवून घेतलं?" शेजारचे निवृत्त हेडमास्तर तर रोज जिन्यात गाठून, आवाज खाली आणून विचारायचे, काही कळलं का? (घरातलं कुणी हरवल्यासारखं.) त्यांना मी माझं नवं कार्ड दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं आणि मागची बाजू कोरी बघून हळहळले.

धास्ती एकाच गोष्टीची होती. हे जमलं नाही तर जुन्या ऑफिसात परत जावं लागणार, आणि तिथे माझ्या खुर्चीत आता माझाच हाताखालचा माणूस बसतो. 'नाही' हा शब्द न वापरता नाही कसं म्हणायचं, हे त्याला मी शिकवलं. परवा सहज चौकशी केली तर म्हणाला, सर, तुमच्यासाठी आमचं दार नेहमीच उघडं आहे. मामा, हे वाक्य मीच त्याच्याकडून घोटून घेतलंय. त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे.

अशात गाद्यांच्या एका कारखानदारांनी बोलावलं. गृहस्थ मनानं त्यांच्या मालापेक्षा मऊ. त्यांना खरेदी बघणाऱ्या माणसाला घरी पाठवायचं होतं, पण तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, हे तर माझं ऑफिसातलं हातखंडा काम. त्याची एक पद्धत असते. समोरच्याला आधी बोलू द्यायचं नाही (तो बोलला की त्याची बाजू कळते, आणि बाजू कळली की काम बिघडतं). नाव घ्यायचं नाही (नावानं हाक मारली की माणूस घरचा वाटायला लागतो). पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा आणि कौतुकापासून सुरुवात करायची.

मी केबिनमध्ये बसलो. दार उघडलं, कडक इस्त्रीचा, पडलेल्या चेहऱ्याचा एक माणूस आत आला. तो तोंड उघडतोय तोवर मी ग्लास सरकवला आणि सुरू झालो. तुमच्या गुणांना इथे वाव नाही, तुम्ही फार मोठ्या गोष्टींसाठी जन्मलात, या गाद्यांमध्ये तुमचा जीव गुदमरतोय वगैरे वगैरे. माणूस आधी गोंधळला, मग बसला, मग चक्क रडला. म्हणाला, आजवर मला कुणी समजूनच घेतलं नव्हतं हो, मला पहिल्यापासून कुत्र्यांना शिकवायचं होतं! माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पिशवी उचलून तडक घरी गेला.

बाहेर आलो तर खरेदीवाले बाकावर डबा मांडीवर घेऊन आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसलेले. मी घरी पाठवला तो मालकांचा जावई होता. तो आत आला होता एसीचा रिमोट न्यायला.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि डोकं धरलं. म्हटलं, संपलं, आता उघड्या दाराकडे चालू लागावं. पण मालक उठले, केबिनची कडी लावली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तो परत यायचं म्हणणार नाही ना?" मग पाठ फिरवून खांदे हलेपर्यंत हसले. खरेदीवाले अजून तिथेच आहेत, कारण एका दिवसात मालकांना एवढंच सुख झेपलं.

तेव्हापासून माणसं हसत घरी पाठवणारा म्हणून माझं नाव झालंय. सध्या एक मोठं काम हाती आलं आहे. ते निभावलं तर पाय रोवले, नाही तर गेलो त्या खुर्चीसमोर उभा राहायला. मोठ्यांचा आशीर्वाद हवा.

तुमचाच लाडका (निदान हे वाक्य वाचेपर्यंत तरी),
भाचा

ता. क. ते मोठं काम तुमच्या चिरंजीवांनी दिलं आहे. कारखाना आपल्या हाती यावा आणि बाबांनी न दुखावता, हसत हसत घरी बसावं, अशी त्यांची इच्छा आहे. बाबा फक्त तुझंच ऐकतात, असं म्हणाले. (आपण दोघं बोलत असताना ते कधी खोलीत नसावेत.)

आणखी ता. क. मी फी बैठकीमागे घेतो. तेव्हा हात जोडून विनंती, पहिल्याच बैठकीत 'हो' म्हणू नका. आधी रागवा. पुढच्या खेपेला छातीवर हात ठेवा, पण डावीकडे. मागे मामींशी भांडताना तुम्ही उजवीकडे ठेवला होता.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत असतानाच मामींचा फोन आला. चिरंजीवांचा बेत त्यांना कळला आहे. तुम्ही दिवसभर घरात बसणार नाही याची व्यवस्था करण्यासाठी त्यांनीही मला नेमलं आहे, आणि पैसे मुलापेक्षा जास्त देणार आहेत. म्हणजे तुम्ही कारखान्यातून हलणारच नाही म्हणालात तर चिरंजीवांचं काम जातं, आणि घरी येऊन बसलात तर मामींचं. तेव्हा मामा, भाच्याचा संसार चालावा असं वाटत असेल तर जमेल तितके दिवस उंबरठ्यातच उभे राहा.