कर्नलसाठी वेगळा चहा

३ जून
नशीब उघडलं! मनोविकार वॉर्डात दाखल असलेला विमा एजंट बोलता बोलता आवाज जाड करून म्हणाला, आता कर्नल बोलतोय. एका शरीरात अनेक माणसं. अशी केस डॉक्टरला जन्मात एकदाच मिळते. पुस्तक म्हणतं, प्रत्येक व्यक्तिमत्त्वाशी विश्वासाचं नातं जोडा. कर्नलसाठी वेगळा चहा मागवला. बायकोला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, येताना दूध आणा.

५ जून
आज कर्नलची आत्या प्रकटली. बिनसाखरेचा घेते. आवाज साफ वेगळा, खोकला मात्र तोच. असेल काहीतरी.
ओपीडीत शाळेतल्या एक बाई. कपाटात न घेतलेले कपडे सापडतात म्हणे, आणि अर्धे दिवस आठवतच नाहीत. विसरभोळेपणा, दुसरं काय! झोपेची गोळी दिली. मध्येच लहान मुलीच्या आवाजात काही पुटपुटल्या. नीट ऐकलं नाही, आत्याच्या चहाची वेळ झाली होती.

९ जून
एकूण सहा जण झाले. आजपासून बिस्किटंही सुरू. गुप्तहेराला क्रीमचंच लागतं.
कँटीनवाल्याने विचारलं, पेशंट किती? एकच, म्हटलं. बघतच राहिला. माझ्या हाताखालच्या ज्युनिअर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, चहा बंद करून बघा. जळतात.

१२ जून
बाई पुन्हा हजर. पर्समध्ये परगावच्या बसचं तिकीट निघालं, गेल्याचं आठवत नाही. रडायला लागल्या. मला प्रेझेंटेशनची तयारी! ज्युनिअर मॅडमच्या गळ्यात घातल्या.

१६ जून
उद्या मोठ्या सरांसमोर केस. नवा शर्ट. भाषण तोंडपाठ. आभार मानताना घसा दाटून आल्यासारखं करायचं.

१७ जून
हॉलमध्ये खाण्यापिण्याला बंदी आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कर्नलना हाक मारली. एजंटने इकडेतिकडे बघून विचारलं, चहा कुठाय? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग आज कुणी यायचं नाही. हॉल पोट धरून हसला. मोठे सरसुद्धा.
मग ज्युनिअर मॅडम उठल्या. बाईंची परवानगी घेऊन त्यांची केस मांडली. खरा आजार तो. आत एक लहान मुलगी आहे, ती आली की बाईंना काही आठवत नाही. उपचार लांबतील, पण बाई आता निदान घाबरून बसत नाहीत. मॅडमनी त्या मुलीला विचारलं होतं, आधी कुणाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं होतं, ते काका सारखे घड्याळ बघत होते.
काका! चाळिशीसुद्धा नाही आली माझी.
बघत होतो, हे खरं. फार वाईट वाटतंय. घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय.