डोंगरांखालचा दर्या

पिंपरी, डिसेंबर १९५६

तीर्थरूप बाबांच्या पायांवर भिकाजीचं डोकं.

मी खुशाल आहे. औषधांच्या नव्या कारखान्यात सुतारकाम मिळालंय, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कसा आहे?

दादाच्या होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, मग दर्यानं दादाला कुठं नेलं, असं तुम्ही विचारलंत. काल इथल्या लायब्ररीत एका जुन्या विलायती चित्राला चौकट केली. नारळ फोडावा तशी पृथ्वी मधोमध फोडून दाखवलीय. आत आगीच्या भट्ट्या. दर्याचं पाणी भोवऱ्यातून खाली उतरतं, डोंगरांखालून वाहतं आणि दूर कुठंतरी वर येतं. लायब्ररीतले कुलकर्णी म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वीची समजूत ही. खोटी ठरली." असेल खोटी. तुम्ही जन्मभर तांडेलकी केलीत, होड्या हाकल्यात, पाण्याची ओढ तुम्हाला कळते. पण खिळे ठोकताना वाटत राहिलं, दादा त्याच वाटेनं खाली गेला असेल का?

वहिनीला हे सांगू नका. ती पुन्हा वाट बघू लागेल.

आज सुट्टी होती. चिखलीला एका मळ्यातल्या विहिरीवर गेलो. खारट लागतं का म्हणून ओंजळभर पाणी चाखून पाहिलं.

गोडच होतं, बाबा.

आपला,
भिकाजी