छातीच्या मशीनला बदली

कामतघर, गुरुवार

चि. केसरीनाथ यास लडकूदाजीचे अनेक आशीर्वाद. कोन गावी सगळे बरे असतील. आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केल्याचे सांग (गुडघे सोडून बाकीच्या सासूबाई ठणठणीत असतातच). फोनच करणार होतो, पण तू तो स्पीकरवर ठेवतोस आणि अर्धी आळी ऐकते.

मी पार खचलो आहे, बाबा. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरकडे गेलो. पलंगावर निजवून काढलेला कार्डिओग्राम अगदी नीट आला. मग ते म्हणाले, चोवीस तासांचा काढू. छातीवर सात चिकट्या, त्यांच्या वायरी आणि कमरेला डबी. हृदयाला स्वतःचा करंट असतो, प्रत्येक ठोक्याला तो वरून खाली उतरतो आणि डबी त्याची नोंद ठेवते, असं त्यांनी समजावलं. (तीस वर्षं लूमवर काढली, पण बिनमीटरचा करंट प्रथमच ऐकला.) नेहमीची कामं करा आणि कधी काय केलं ते कागदावर लिहा, एवढंच बजावलं.

आता नेहमीचं काम म्हणजे सकाळी आठची ड्युटी. शेडमध्ये रुई उडते, घाम निथळतो. डबी बिघडली तर डॉक्टरांना काय तोंड दाखवू? लूमवर आपण जाणार नसू तर बदली माणूस देतो, तशी मी डबीला बदली दिली. तू सुट्टी म्हणून आमच्याकडे मुक्कामाला होतास. तुझ्या वैशालीताईने (ब्लाउज शिवणारी बाई, मापाला पक्की) चिकट्या माझ्या छातीवरून काढून तुझ्या छातीवर बसवल्या. आठ ते चार तू टीव्हीसमोर लोळलास आणि मी कागदावर लिहिलं, लूम चालवली. तिघंही आपल्या हुशारीवर खूश.

परवा रिपोर्ट आला. ठोके मधेच थांबतात, तीन-तीन सेकंद. डॉक्टर म्हणाले, "हे अंगावर काढायचं नाही." तेव्हापासून वैशाली रडते आणि आमटीत मीठ घालत नाही. शेजारचे जब्बारभाई डाळिंबं आणतात आणि माझा हात हातात धरून बसतात. शेठने मला बसायला स्टूल दिलं, तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या स्टुलावर बसलो आणि आपलं काही खरं नाही हे पटलं. फार भीती वाटते रे.

तुझा,
लडकूदाजी

ता. क. आज सकाळी रिपोर्ट नीट पाहिला. त्यावर वेळ छापलेली असते. माझ्या सोळा तासांत काही नाही. थांबलेले ठोके सगळे आठ ते चारमधले आहेत.

ता. क. दुसरा. डॉक्टरांना खरं सांगून आलो. इतके ओरडले की माझी धडधड कुठल्या कुठे गेली. ते सहापर्यंत थांबणार आहेत. पत्र आणणाऱ्या विशालची रिक्षा दारात उभी असेल, तिच्यात बसून ये. सासूबाईंना सांग, दाजींना बघायला जातो. ताईला मी अजून बोललो नाही. नवऱ्याचं तिने सोसलं, भावाचं सोसेल असं वाटत नाही. तोवर अळणी आमटी मी खातो. काल्हेरच्या गोदामातल्या तुझ्या कामाची काळजी करू नकोस, उद्यापासून तुझ्या जागी बदली म्हणून मी पोती उचलतो. दवाखान्यात मात्र बदली चालत नाही. मी विचारून पाहिलं.